जुन्या वाड्यात मागच्या खोलीपर्यंत वायफाय कसं न्यावं?

शिवाजीपेठकरीण:

नमस्कार. आमचा वाडा शिवाजी पेठेत, आजेसासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेला. चुली तीन, पण घर एकच, अकरा माणसं. पुढं सोपा, मग माजघर, मधे चौक, चौकापलीकडं स्वयंपाकघर आणि अगदी मागं परड्याकडच्या दोन खोल्या. भिंती दगडमातीच्या, दोन-सव्वादोन फूट जाडीच्या. १०० एमबीपीएसचं फायबर तिन्ही घरांत मिळून घेतलंय. जोडायला आलेल्या मुलानं राऊटर सोप्यातल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं ठेवला आणि निघून गेला.

मी फोन घेऊन घरभर स्पीड मोजत फिरले. सोप्यात ९२, माजघरात २५, स्वयंपाकघरात ६, मागच्या खोलीत जेमतेम २, तेही दार उघडं असलं तर. लेक बारावीला आहे, नीटची तयारी करतेय. तिचं लेक्चर फक्त माडीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नीट चालतं. तिथंच मांडीवर वही घेऊन बसते, आणि सासूबाई हातात पातेलं घेऊन तिला वळसा घालून वर-खाली करतात. रोज हे बघवत नाही.

रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल उचलून पुढं पाठवणारा डबा, आणून मागच्या खोलीत लावला. फोनवर रेंज फुल्ल दिसते, पण लेक्चर गोल फिरतच राहतं. असं का? चुलत सासऱ्यांची एक अट आहे: भिंतीला ड्रिल लावायचं नाही आणि तुळईला खिळा मारायचा नाही. वाडा त्यांनी जिवापाड जपलाय, त्यामुळं ती मोडायची नाही. तिन्ही घरांनी वेगळं कनेक्शन घ्यावं असंही निघालंय, पण एकत्र भरतो ते एकत्रच राहावं असं मला मनापासून वाटतं.

वायरमन_राजारामपुरी:

ताई, फोनवरच्या दांड्या म्हणजे फोन आणि रिपीटर यांच्यामधली रेंज. रिपीटरला मागून किती मिळतंय ते त्यात कळत नाही. मागच्या खोलीत राऊटरचा सिग्नल आधीच संपलेला, मग तिथं बसून तो उचलणार काय? त्यातून साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि त्यावरच देतो, म्हणजे मिळालेल्यातलंही निम्मं जातं.

आधी बिनखर्चाचं काम करा. राऊटर टीव्हीमागून काढा आणि माजघराच्या दाराकडच्या बाजूला, डोक्याएवढ्या उंचीवर उघड्यावर ठेवा. फायबरची वायर तेवढी पोचत नसेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा, ती ओढाताण करून वाकवू नका, आतली काच तुटते. दगडमातीच्या भिंतीपुढं वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आधी गळतो, २.४ चा जरा आत शिरतो. पण तुमच्याकडं चार भिंती आहेत, २.४ वरही भरवसा ठेवू नका.

खरा उपाय वायरच. भिंती लॅन केबलनं ओलांडायच्या आणि वायफाय खोलीपुरतं ठेवायचं. कॅट सिक्स (लॅन केबलचाच प्रकार) १०० मीटरपर्यंत चालते. मागं दुसरा राऊटर लावा, घरात जुना पडून असेल तर तोही चालेल. केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या खाचेत) घाला, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेत) नाही. त्याचं डीएचसीपी (फोनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता पहिल्याहून वेगळा द्या, उदा. १९२.१६८.१.२. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं तोच. २.४ वर पुढच्याला चॅनेल १, मागच्याला ११. एवढं केलं की फोन स्वतःच एका राऊटरवरून दुसऱ्यावर जातो.

मंगळवारपेठ_वाडा:

ताई, आमचं पण घर असंच, लई दिवस काढलेत यात. ड्रिल नको असेल तर जुन्या वाटा शोधा. पूर्वी टीव्हीच्या अँटेनाची चपटी वायर कौलांवरून खाली आणलेली असायची, तिचं भोक अजून असतं. जुन्या वायरीच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधा आणि दुसरीकडनं हळू ओढा. त्यासाठी केबल बिनकनेक्टरची आणायची, टोकं नंतर बसवायची, नाहीतर भोकातून जात नाही.

आणायच्या आधी सुतळीनं मोजा. सरळ अंतर नव्हे, केबल जिकडनं जाणार त्या वळणावळणानं, चढउतारासकट. माळ्यावर पाईपमधनं न्या, आमची पहिली केबल उंदरांनी दोन महिन्यात कुरतडली. लाईटच्या वायरीच्या पाईपात मात्र घालू नका. आणि दुकानात शुद्ध तांब्याची आहे का विचारा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात गळ्यात मारतात.

शिवाजीपेठकरीण:

दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी केलं सगळं. सुतळी भरली ३१ मीटर, मी अंदाजानं २० आणणार होते! अँटेनाचं भोक माजघराच्या माळ्यावर सापडलं. चुलत सासरे स्वतः बॅटरी घेऊन वर चढले, त्यांनीच वायर लावली होती म्हणे. पाईप तुळईला सुंभानं बांधला, एक खिळा मारला नाही.

टोकं बसवल्यावर आधी नेट येईना. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर हिरवी आणि निळी तार एकाच्या जागी दुसरी गेलेली. परत कापून केलं: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मागच्या खोलीत आता ८८ येतंय. लेकीनं सकाळी टेबलावर बसून लेक्चर बघितलं.

एकच राहिलं. परड्यापलीकडं पत्र्याची खोली आहे, दीर तिथं हिशेबाला बसतात. तिथवर हीच केबल उघड्यावरनं नेऊ का?

वायरमन_राजारामपुरी:

तेवढं नका करू. वळवाच्या विजा असतात तेव्हा उघड्यावरची तांब्याची केबल दोन्हीकडचे राऊटर घेऊन जाते. तिथवर फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी) लावा. पत्रा सिग्नल परतवतो, म्हणून राऊटर त्या खोलीच्या आतच हवा. आणि लाईट जाते तेव्हा मागचा राऊटरही बंद पडतो, त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. अडॅप्टरवरचा आकडा बघूनच घ्या, काही राऊटर ९ व्होल्टचे असतात.

शिवाजीपेठकरीण:

आत्ताच अडॅप्टर उलटा करून बघितला. पुढचा १२ चा आहे, मागचा जुना ९ चा. बरं झालं सांगितलंत, दोन्हीला १२ चेच आणणार होते.