शुगरच्या मीटरवर "एचआय" (HI) येतंय, सकाळपर्यंत थांबावं का?

निशिगंध_७:
वडील ६८, टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, रात्री इन्सुलिन. तीन दिवस ताप-खोकला. काल शुगर ३१०, सकाळी ४५६, आत्ता नुसतं "एचआय". तहान खूप, सारखी लघवी, मळमळ. मोठं हॉस्पिटल चिपळूणला, तासाभराच्या अंतरावर. आत्ताच न्यावं की उजाडल्यावर?

खडूफळा:
आत्ताच. बहुतेक मीटरवर "एचआय" म्हणजे ६००च्या वर. साबणाने हात धुवून, कोरडे करून दुसऱ्या बोटावर एकदा तपासा. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागली असली तरी आकडा फुगतो. पण दुसरी तपासणी निघायची तयारी करता करता करा, त्यासाठी खोळंबू नका. शुद्धीत असतील आणि उलटी होत नसेल तर साधं पाणी घोट घोट द्या (हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना फोन). ताकद यावी म्हणून सरबत, नारळपाणी अजिबात नको. गुंगी आली, असंबद्ध बोलायला लागले किंवा श्वास खोल आणि जलद झाला तर तोंडाने काहीही न देता १०८ला फोन.

मोरपंखी:
डापाग्लिफ्लोझिन घेतायत हे कॅज्युअल्टीत पोचल्याबरोबर सांगा. या गटातल्या गोळ्यांनी शुगर २००च्या आत असतानाही कीटोन (चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढू शकतात. म्हणजे तिथे शुगर उतरलेली दिसली तरी "कीटोन बघितले का?" हे विचारायचंच. ही गोळी आणि मेटफॉर्मिन, दोन्हींचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

निशिगंध_७:
गाडी सांगितली. तोवर इन्सुलिन थोडं जास्त देऊ का?

खडूफळा:
मनाने नाही. अंग इतकं सुकलेलं असताना आधी सलाईन लागतं. शिवाय इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. ते आधीच कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून हॉस्पिटलात पोटॅशियम बघून मग ड्रिप लावतात. नेहमीचा रात्रीचा डोस मात्र "जेवले नाहीत" म्हणून परस्पर गाळू नका. आपल्याकडे गडबड नेमकी तिथेच होते. तापात पोटात अन्न नसलं तरी शुगर चढते. डोस किती द्यायचा ते फोनवर डॉक्टरांनाच विचारा.

मोरपंखी:
निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून तीनच गोष्टी विचारा: आयसीयूत बेड आहे का, फिजिशियन रात्री येतात का, पोटॅशियम आणि एबीजी (रक्तातली आम्लता बघायची तपासणी) रात्री होतं का. नसेल तर तिथे थांबून पुन्हा दुसरीकडे हलवण्यात वेळ जातो. ईसीजीही काढायला सांगा. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, आणि शुगर अशी भडकण्यामागे तोही असू शकतो. खोकल्यासाठी कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर तेही सांगा.

पाटी_पेन्सिल:
इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्या. बाटलीवर ४० आययू (एका मिलीत ४० युनिट) आणि सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनची, असा घोळ सर्रास होतो. तिच्यावर २० पर्यंत भरलं तर अंगात ८च युनिट जातात. ४०च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते.

निशिगंध_७:
टोपण केशरीच आहे, बाटली ४०ची. निघालो.