गोंदिया–नागपूर सोलो क्रॉस कंट्री: ऊन पडल्यावर धुकं वाढलं कसं?

सांगलीकर_पायलट

नमस्कार मंडळी. मी गोंदियाला सीपीएलचं (व्यावसायिक पायलटच्या परवान्याचं) ट्रेनिंग करतेय. काल माझी गोंदिया–नागपूर–गोंदिया सोलो (एकटीने विमान नेऊन परत आणायची फेरी) होती, ती रद्द झाली.

सकाळी सातचा नागपूरचा मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल): वारा शांत, व्हिजिबिलिटी ३००० मीटर, बीआर (विरळ धुकं), तापमान ११, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला दव धरतं ते) १०. म्हटलं, सूर्य वर आला की निवळेल. प्रीफ्लाइट उरकलं, नकाशा मांडीवर घेऊन बसले. साडेसातच्या मेटारला व्हिजिबिलिटी ८०० आणि बीआरच्या जागी एफजी (दाट धुकं)! ऊन तर पडलं होतं. नऊ वाजता व्हिजिबिलिटी ५००० झाली, पण सोबत बीकेएन ००५ (५०० फुटांवर बहुतेक आकाश झाकणारे ढग). सरांनी तेव्हाही नाही म्हटलं, आणि दहानंतर स्लॉट दुसऱ्याला गेला.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ऊन पडल्यावर धुकं वाढतं कसं? आणि हे आदल्या रात्रीच ओळखता येतं का? पहाटे चारला उठून हँगरवर जायचं आणि दहाला हात हलवत परत यायचं, याने जीव मेटाकुटीला येतो.

जुना_इन्स्ट्रक्टर

ताई, तुमच्या सरांनी अगदी योग्य केलं. आता कारण सांगतो.

रात्रभर जमीन थंड होते आणि तिला लागून असलेली हवा सगळ्यात जास्त गार पडते. वारा अजिबात नसेल तर ही गार, ओली हवा जमिनीलगत पातळ थरात पडून राहते. बरीचशी वाफ दव होऊन गवतावर बसते. सूर्य आला की दोन गोष्टी एकदम होतात. दवाची पुन्हा वाफ होते, आणि हवा जराशी ढवळली जाते. तो गार थर वरच्या हवेत मिसळतो आणि गुडघाभर असलेलं धुकं डोक्यावरून जातं. त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला तासभर सगळ्यात फसवा. सातला ३००० दिसतंय म्हणून कुणी निघालं, तर नागपूरला पोहोचेपर्यंत तिथे ८०० झालेलं असतं. अंतर पाऊणशे नॉटिकल मैलांच्या आसपास, म्हणजे सेसनाला (छोट्या ट्रेनिंग विमानाला) पाऊण तास. हिशोब तुम्हीच करा.

नऊ वाजताचं बीकेएन ००५ म्हणजे तेच धुकं जमिनीवरून सुटून ५०० फुटांवर लटकलेलं. खाली उभ्या माणसाला वाटतं, झालं मोकळं. पण व्हीएफआरला (बाहेर नजर ठेवून उडायला) कंट्रोल झोनमध्ये (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात) ५ किलोमीटर व्हिजिबिलिटीबरोबर १५०० फूट सीलिंगही (ढगांच्या तळाची उंची) लागतं. पहिली अट पुरी झाली, दुसरी नाही. त्या ५०० फुटांखालून उडायचं मनातही आणू नका. वाटेत तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या आहेत आणि त्यांची टोकं त्या ढगात असतात.

आता आदल्या रात्रीचं. संध्याकाळी सहाचा ड्यू पॉइंट वहीत लिहा. पहाटेचं किमान तापमान त्याच्या जवळ किंवा खाली जाणार असेल, आकाश निरभ्र असेल आणि वारा पाच नॉटच्या आत असेल, तर धुकं धरूनच चाला. नागपूरच्या टॅफमध्ये (विमानतळाच्या हवामान अंदाजात) नसलं तरी. तुमचा भाग तर धुक्याचं माहेरघर: वैनगंगा, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, कापणी होऊनही ओल धरून असलेली धानाची बांधी, वर चुलींचा धूर. विमानतळाचा अंदाज फक्त विमानतळाचा असतो, वाटेतल्या तलावाचा नसतो.

अशा दिवशी स्लॉट अकराचा मागा. पहाटे चारला उठायची गरजच नाही. विद्यार्थी मागायला कचरतात. मागा, कुणी खात नाही.

वेधशाळावाला

निवृत्त हवामान निरीक्षक आहे, थोडी भर घालतो. व्हिजिबिलिटी १००० मीटरच्या खाली गेली की आम्ही एफजी लिहितो. ड्यूटीवर ठरलेल्या खुणा असतात: ही पाण्याची टाकी एवढ्या अंतरावर, तो टॉवर तेवढ्या. दिवे आणि खुणा एकेक करून पुसल्या जाताना दिसतात, आणि त्या फार भराभर पुसल्या जातात. दोन मेटारमध्ये अर्ध्या तासाचं अंतर असतं. मध्ये मोठा बदल झाला तर स्पेसी (खास अहवाल) निघतो, तो बघत चला. मेटारच्या शेवटी जो ट्रेंड (बदलाचा अंदाज) असतो तो पुढच्या दोनच तासांचा. आणि वेळ झुलू (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

रात्रीची इन्सॅट उपग्रहाची चित्रंही बघा, धुक्याचा पट्टा कुठवर पसरलाय ते कळतं. फक्त वर उंच ढग असतील तर खालचं काही दिसत नाही. चित्र कोरं दिसलं म्हणून धुकं नाही असं समजू नका.

सिंहगड_पायथा

पुण्यातून. आमच्याकडे हाच प्रश्न पावसाळ्यात येतो. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, नकाशावरची डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) साधारण १९४० फुटांवर. बीकेएन ०२० म्हणजे ढगाचा तळ ३९४० फुटांवर. सिंहगड ४३०० फुटांच्या आसपास. म्हणजे ‘दोन हजार फूट सीलिंग’ ऐकायला ऐसपैस वाटतं, पण गड पूर्ण ढगात! पश्चिमेला घाटाकडे जाल तसा तळ आणखी खाली येतो. तुमच्याकडे सपाटी आहे, तरी ही बेरीज-वजाबाकी आत्तापासून हाताला लावून घ्या.

सांगलीकर_पायलट

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘धुकं जमिनीवरून सुटून लटकलेलं’ हे वाचून काल नऊला काय झालं ते लख्ख कळलं. जुना_इन्स्ट्रक्टर सर, अजून एक. समजा अकराला निघाले आणि वाटेत पुढे खाली पांढरं दिसायला लागलं, तर किती पुढे जायचं? एका सीनियरने सांगितलं, वरून रनवे दिसत असेल तर उतरता येतं.

जुना_इन्स्ट्रक्टर

नाही. हे कुणी सांगितलं असेल त्याला माझ्याकडे पाठवा. ही समजूत माणसं मारते.

धुक्याचा थर १०० फूट जाड आहे असं धरा. बरोबर वरून बघताना तुम्ही फक्त १०० फुटांतून बघता, म्हणून रनवेचे आकडेसुद्धा वाचता येतात. तुम्ही सर्किट (विमानतळाभोवतीचा फेरा) करून फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत) येता. आता नजर तीन अंशांनी तिरपी. त्याच थरातून तुम्ही जवळजवळ १९०० फूट धुकं बघताय. रनवे जातो. तोही अगदी खाली, फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) तोंडावर, जिथे हात सर्वात मोकळे असायला हवेत. दिल्लीला कॅट थ्री बीवर (दाट धुक्यात उपकरणांवर उतरण्याची पद्धत) ५० मीटर आरव्हीआरला (रनवेवर दिसणारं अंतर) विमानं उतरतात ती ऑटोलँडवर (आपोआप उतरवणाऱ्या यंत्रणेवर). तुमच्या सेसनात त्यातलं काहीही नाही.

किती पुढे जायचं, ते जमिनीवरच ठरवा. रेल्वेलाइन धरून जाणार ना? तिरोडा सोडल्यावर वैनगंगेचा पूल येतो, पुढे तुमसर रोड. त्या पुलावर नकाशात लाल पेन्सिलने आडवी रेघ मारा. पुलावरून पुढची लाइन आणि तुमसर रोडचं यार्ड स्वच्छ दिसलं, तर पुढे. नाही दिसलं, तर तिथेच वळायचं, नागपूर टॉवर काहीही म्हणो. दुसरी रेघ भंडारा रोडला. तिथे पोहोचून नागपूरचा ताजा मेटार घ्यायचा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा.

टाकीत नागपूरला जाऊन, तिथे न उतरता गोंदियाला परत येऊन वर तासभर उरेल एवढं इंधन घ्या. नियमातल्या अर्ध्या तासावर भागवू नका. आणि नागपूर झाकलं असेल तर गोंदियाही झाकलेलं असू शकतं, खोरं एकच आहे. म्हणून दोन्ही झाकलेली असली तर उतरायला दुसरी जागा म्हणून निघण्यापूर्वी रायपूरचाही मेटार बघून ठेवा.

नकाशा तयार झाला की रेघांसकट फोटो टाका, बघून सांगतो.