कमी पैशांतली जगबुडी : हे सिनेमे का धरून ठेवतात?

सांगेकर

गोव्यात, फोंड्याच्या आमच्या सिनेमावेड्या कंपूत परवा एका मित्राने ठासून सांगितलं की, जगबुडीनंतरच्या गोष्टी सांगणारे कमी बजेटचे सिनेमे आवडणं म्हणजे नाइलाजालाच आवड म्हणणं. त्याच दिग्दर्शकांच्या हातात पैसा असता तर त्यांनीही शहरं कोसळताना दाखवलीच असती, असा त्याचा दावा. मला तो मुळीच पटलेला नाही. तिथे बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हा धागा.

बाकीच्या प्रकारांत पैशाची चणचण लगेच उघडी पडते. ऐतिहासिकपट स्वस्तात काढला की तलवारी पत्र्याच्या दिसतात. जगबुडीनंतरच्या गोष्टीत पात्रांकडेच काही उरलेलं नसतं. इंधन संपत आलंय, कपडे विटलेत, एका गाडीला दुसऱ्याच गाडीचे पार्ट जोडलेत. निर्मात्याची चणचण आणि पात्रांची चणचण इथे एकच होऊन जाते, त्यामुळे पडद्यावरची प्रत्येक वस्तू खरी वाटते.

'मॅड मॅक्स' घ्या, १९७९ चा पहिला. जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर, अपघातातले जखमी इमर्जन्सीत रोज बघितलेले. बजेट साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. सुरुवातीच्या पाठलागात चुरडली जाणारी निळी व्हॅन दिग्दर्शकाची स्वतःची. जग बुडालंय असं त्यात कुणी सांगत नाही. पोलिसांची कचेरी पडकी, पगारी पोलीस अजून आहेत, पण रस्त्यावर त्यांना कुणी भीक घालत नाही. १९७३ च्या तेलसंकटात लोक पेट्रोलसाठी कसे वागले, ते या गोष्टीच्या मुळाशी आहे. म्हणून तो बघताना वाटत राहतं, हे उद्या आपल्याकडेही होईल. त्याच मिलर यांचा पंधरा कोटी डॉलरच्या घरातला 'फ्युरी रोड' (२०१५) बघून मी थक्क झालो, पण घाबरलो नाही.

आणि क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२). अवघी २८ मिनिटं, तीही स्थिरचित्रांची. तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, लोक भुयारात राहताहेत, आणि एका कैद्याला त्याच्या लहानपणच्या एका आठवणीच्या जोरावर भूतकाळात पाठवलं जातं. संपूर्ण सिनेमात एकच हलता शॉट आहे. पलंगावर झोपलेली बाई डोळे उघडते, पापण्या मिटते-उघडते, बस्स. इतका वेळ सगळं थिजलेलं बघितल्यावर ती पापणी हलते आणि माणूस खुर्चीत ताठ होतो. हा परिणाम पैशाने विकत मिळाला असता का, एवढंच माझ्या मित्राने सांगावं.

रंगपीठ

पूर्ण सहमत. मी पेडण्याचा, दशावतार बघत वाढलेलो. एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच पर्वत, त्याच्यावरच युद्ध. तरी रात्रभर कुणी उठून जात नाही, कारण उरलेलं काम प्रेक्षक करतो.

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मला म्हणूनच नाटकासारखा वाटतो. खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलर. शेतावरचं एक घर, आत अडकलेली मोजकी माणसं, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या. बाहेरच्या जगाचं काय झालं ते रेडिओ आणि टीव्हीवरच्या बातम्यांतूनच कळतं. खरी झुंज बाहेर उठून चालणाऱ्या मेलेल्यांशी नाहीच. तळघरात लपायचं की वरच राहायचं यावरून आतल्या माणसांत जुंपते, आणि त्या भांडणानेच घात होतो. आमच्या जत्रेतल्या हौशी मंडळींनाही उद्या करता येईल असा प्रसंग आहे तो.

जाता जाता एक: वितरकांनी नाव बदललं तेव्हा शीर्षकाखालची कॉपीराइटची ओळ गळली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार हक्कच गेले. त्यामुळे तो कुणालाही मोकळेपणाने बघता-दाखवता येतो, आणि इतका पसरण्याचं हेही एक कारण आहे.

तर्ककठोर

सांगेकर, तुम्ही चारदोन उत्तम सिनेमे उचलून सगळ्या प्रकारालाच प्रमाणपत्र देताय. १९८१ ला 'मॅड मॅक्स'चा दुसरा भाग आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' आले, आणि लगेच इटलीत नकलांचं पेव फुटलं. एन्झो कास्तेलारी यांचे १९८२-८३ चे सिनेमे बघा. एखादी उजाड खाण, पत्रे ठोकलेल्या मोटारी, खांद्यावर चामडं, की झाली जगबुडी. गंमत म्हणून बघायला माझी हरकत नाही, पण टंचाईतून खरेपणा येतो हा सिद्धान्त तिथे साफ आपटतो. टंचाई तिथेही होतीच की.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. या सिनेमांत जगबुडीनंतर माणूस नेहमी एकटा का असतो? एक पुरुष, फार तर सोबत एक कुत्रा. कारण सरळ आहे: गर्दी जमवायला पैसे लागतात. दहा नट परवडत नाहीत म्हणून नायक एकांडा, आणि नायक एकांडा म्हणून दुसरा कुणी दिसला की तो शत्रूच. मग आपण म्हणतो, बघा, संकटात माणसाचं खरं रूप दिसतं! ते निर्मात्याच्या हिशेबवहीचं रूप आहे, माणसाचं नव्हे. आणि तुम्ही तर सांग्याचे. कुर्डी तुमच्याच तालुक्यातलं. साळावली धरणात गाव बुडालं, माणसं इतरत्र वसवली गेली. पण मे महिन्यात पाणी उतरलं की तीच माणसं मुलाबाळांना घेऊन परत येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात. खरोखर बुडालेल्या गावची माणसं एकमेकांच्या नरडीला लागत नाहीत. ती देवळाकडे जमतात आणि एकत्र जेवतात. असा सिनेमा दाखवा मला.

कॅमेरा_म्हापसा

+१, नायक एकटा असण्याच्या मुद्द्याला. पण तांत्रिक बाजूही सांगतो, कारण पोट त्यावरच चालतं.

'२८ डेज लेटर' (२००२) मधलं ओसाड लंडन आठवा. वेस्टमिन्स्टरच्या पुलावर एकटा माणूस हॉस्पिटलच्या कपड्यांत चालतोय. डॅनी बॉइल यांनी ते भल्या पहाटे, रस्ता थोडा थोडा वेळ अडवून घेतलं. त्यासाठी कॅनन एक्सएल-१ हा लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेरा वापरला. त्या काळी लग्नाच्या शूटिंगवालेही ज्याची स्वप्नं बघायचे त्या जातीचा. फिल्मचे मोठे कॅमेरे मांडेपर्यंत शहर जागं झालं असतं. हे पटापट मांडता आले. वर त्या व्हिडिओचं चित्र खरखरीत, कडा फुटलेल्या, त्यामुळे बातमी बघतोय असं वाटतं. स्वस्त साधन निवडल्यामुळेच तो प्रसंग शक्य झाला, यात माझ्या मते वादच नाही. बजेट तसं अगदी नगण्य नव्हतं, पण हॉलिवूडच्या मानाने किरकोळच.

डिचोलीकरीण

मला या चर्चेत एका गोष्टीचा त्रास होतोय, तेव्हा स्पष्टच लिहिते.

गॅरेथ एडवर्ड्स यांच्या 'मॉन्स्टर्स' (२०१०) चं कौतुक इथे अजून कुणी केलं नाही, पण होईलच. पाच लाख डॉलरच्या आतला खर्च, इनमिन काही माणसांचं युनिट, इफेक्ट्स दिग्दर्शकाने स्वतः कॉम्प्युटरवर केलेले. सगळं खरं. त्यात उद्ध्वस्त अमेरिका म्हणून दिसणारी काही घरं टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनची आहेत. २००८ साली आइक चक्रीवादळाने पाडलेली. म्हणजे कुणाचं तरी खरं घर, ज्यावर निर्मात्याला छदाम खर्चावा लागला नाही. आपण त्याला कल्पकता म्हणतो. त्या घरातली बाई कुठे गेली, हे सिनेमा विचारत नाही.

आमच्याकडे बाहेरून येणारे हौशी फिल्मवाले खाणींचे खड्डे बघून हेच म्हणतात: 'काय लोकेशन आहे!' एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती मातीच आमच्या गावांमागचे डोंगर. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थंड. खड्ड्यांत पाणी साठून हिरवंनिळं झालं, फोटोत फार सुंदर दिसतं. पहिल्या पावसात त्या ढिगाऱ्यांवरून लाल चिखल शेतात उतरतो. भाताची रोपं उभी असतात, पण बुंध्याशी बोटभर गाळ बसतो, वाळला की त्याची खापरी होते आणि फावडं मारलं तरी आत जात नाही. ज्यांनी ट्रक हप्त्यावर घेतले होते त्यांचे ट्रक अंगणात गंजले. आमच्यासाठी हा शेवट वर्षानुवर्षं चाललाय, त्यात कुणी चामड्याचं जाकीट घालून धावू नये असं मला मनापासून वाटतं.

सांगेकर

ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. कुणाच्या पडक्या घराचा फुकटचा सेट करणं मलाही पटत नाही. पण मला वाटतं, तुमचा आणि तर्ककठोरांचा आक्षेप एकत्र धरला तर त्याचं उत्तर याच प्रकारात सापडतं.

बीबीसीचा 'थ्रेड्स', सप्टेंबर १९८४, दिग्दर्शक मिक जॅक्सन. खर्च साधारण चार लाख पौंड. शेफिल्ड शहरावर अणुहल्ला होतो. त्यात एकांडा नायक नाही. दोन साधी कुटुंबं आहेत, लग्न ठरलेलं एक जोडपं आहे, आणि तळघरात अडकलेले नगरपालिकेचे अधिकारी आहेत, ज्यांना खाली काही करता येत नाही आणि वर येता येत नाही. गर्दीतले चेहरे त्याच भागातले. शहर त्यांचं, मरण त्यांचं. कुणाच्या तरी दूरच्या दुःखाचं ते लोकेशन नव्हतं.

स्फोट तर मध्यावरच होतो. पुढची तेरा वर्षं दाखवलीत, आणि तिथेच त्याची ताकद आहे. हल्ल्यानंतर जन्मलेली मुलं मोडकीतोडकी भाषा बोलतात. एका प्रसंगात ती जुन्या टीव्हीसमोर बसलीत. घासून गेलेल्या टेपवर लहान मुलांचा शाळेचा कार्यक्रम लागलाय, प्राण्यांच्या सांगाड्यांबद्दल. मुलांच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही. त्यानंतर ती फाटक्या कपड्यांचे धागे उसवताना दिसतात, कारण नवं कापड विणणारं आता कुणी नाही. एक टीव्ही, काही मुलं, थोड्या चिंध्या. एवढ्या सामानात शिक्षण, भाषा आणि कारखानदारी, तिन्ही गेल्याचं कळतं. कोसळणारे टॉवर दाखवून हे कळलं नसतं, यावर मी ठाम आहे.

इटालियन नकलांबद्दल: टंचाई असली की खरेपणा आपोआप येतो असं माझं म्हणणं नाही. त्या नकलांनी 'मॅड मॅक्स'चे कपडे घेतले, त्यातली भीती सोडली. मिलरना रस्त्यावरच्या मरणाची भीती ठाऊक होती. नकलाकारांना फक्त तिकीटबारी ठाऊक होती.

रंगपीठ

कुर्डीवरून सुचलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. पाणी उतरल्यावर जोती दिसतात, वाटा दिसतात, आणि म्हातारी माणसं नातवंडांना 'इथे आपलं स्वयंपाकघर होतं' असं सांगत फिरतात. तर्ककठोर, तुम्हाला हवा तो सिनेमा हाच की. नट लागणार नाहीत, सेट लागणार नाही. फक्त ज्यांचं गाव त्यांनी तो करायला हवा.

तर्ककठोर

हे मान्य. पण मग तो विज्ञानपट उरेल का? मला तरी त्यात 'पुढे काय होईल' हा प्रश्न हवा. कुर्डीच्या आठवणी सांगणारी पिढी गेल्यावर, २०६० साली पाणी उतरलं तर तिथे कोण येईल आणि कशासाठी, असा सिनेमा काढा. त्याला मी पहिल्या रांगेत बसेन.

डिचोलीकरीण

सांगेकर, 'थ्रेड्स' मी बघितलाय, आणि तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. पण त्याचं श्रेय मी कमी खर्चाला देणार नाही. तो बीबीसीने काढला, म्हणजे लोक टीव्हीसाठी भरतात त्या लायसन्स फीच्या पैशातून. तिकीट खपवायचं दडपण नव्हतं, म्हणून नायकाला जगवायची सक्ती नव्हती आणि शेवट गोड करायचीही नव्हती. 'मॅड मॅक्स'च्या निर्मात्यांना गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे होते, म्हणून तिथे सूड घेणारा नायक आहे. दोघांकडेही पैसा कमीच होता. तेव्हा बजेट किती होतं यापेक्षा ते कुणाचं होतं आणि त्याने बदल्यात काय मागितलं, हे मला आधी बघावंसं वाटतं. खाणपट्ट्यावर सिनेमा निघालाच तर मी पहिला प्रश्न हाच विचारणार: पैसे कोण घालतंय?