मदत हवी आहे: दोघांनी कापलेला सिनेमा पाहिला, त्यांचे मार्क धरायचे का?

रातकिडा: आम्ही पाच मित्र दर शनिवारी कोथरूडला जमून करणी-भानामतीचे जुने सिनेमे बघतो आणि दहापैकी मार्क देतो. सरासरी ७ च्या वर गेली तरच सिनेमा आमच्या वहीत चढतो. काल दोघं पावसामुळे कात्रजलाच अडकले, त्यांनी घरीच पाहिला. आमचे तिघांचे ८, त्यांचे ५. म्हणजे ६.८, वहीबाहेर! बोलताना कळलं, शेतावरचा प्रसंग त्यांनी पाहिलाच नाही. काय करू? आजच सांगा.

पेठकर: कसलं शेत? सिनेमाचं नाव?

रातकिडा: लिहायचं राहिलं. 'नाइट ऑफ द डेमन', १९५७.

दिवाभीत: दोन्ही फाइली किती मिनिटांच्या?

घाटावरचा: त्यापेक्षा 'एक्सॉर्सिस्ट' लावा. १९७३ चा १२२ मिनिटांचाच बघा, २००० सालचा १३२ चा उगाच ताणलाय.

दिवाभीत: त्यांनी तो विचारलेला नाही.

रातकिडा: आमची ९२, त्यांची ८२.

दिवाभीत: मग बरोबर. ब्रिटिश प्रत साधारण ९६ मिनिटांची. अमेरिकेत 'कर्स ऑफ द डेमन' म्हणून लावताना ८२-८३ वर आणली. होबार्ट कुटुंबाच्या शेतावरची भेट गेली, करणी करणाऱ्या कार्सवेलचं आईशी बोलणंही गेलं.

पेठकर: मग यांची ९२ पण कापलेलीच की!

दिवाभीत: नाही हो. पाल या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यात ९६ ची ९२ होतात. प्रसंग एकही जात नाही.

घाटावरचा: सुरुवातीलाच राक्षस दाखवून टाकलाय, तिथंच भीती संपते. मी ४ दिले असते.

पेठकर: तो निर्मात्याचा हट्ट. दिग्दर्शक जाक तुर्नरला तो इतका उघड नको होता. खरी भीती त्या शाप लिहिलेल्या कागदाच्या चिटोऱ्यात आहे. हातातून सुटून खोलीतल्या शेकोटीकडे उडतो आणि तिच्यापुढच्या जाळीला चिकटून फडफडत राहतो. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

मंडईवाली: टीव्हीवर बघून मार्क कसले देता? लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालय आहे, तिथे एखादा जुना सिनेमा मोठ्या पडद्यावर बघा.

रातकिडा: अहो, पण ते ५ धरू की नको?

पेठकर: नको. दोघांना पूर्ण प्रत दाखवा. आणि चर्चेआधी सगळ्यांकडून चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या. एकानं मोठ्यानं '९' म्हटलं की बाकीचे तिकडेच झुकतात, आमच्याकडे हेच व्हायचं.

रातकिडा: दोघांना फोन केला. एक लगेच तयार झाला, दुसरा म्हणतो शेत बघूनही ५ च देणार. साडेनऊला लावतोय. चिठ्ठ्या कापून ठेवल्यात.