शब्दचर्चा : खचणे, खिन्न होणे आणि ‘पुनरपि’

प्रश्न, चोपड्याहून

जूनच्या वादळात आमच्या आबांची केळी आडवी झाली. घड भरलेले होते, कटाईला आठ-दहा दिवस राहिले होते. टेकू दिलेली खोडंसुद्धा मधून मोडली. त्या आठवड्यात घरी प्रार्थनेला मंडळी जमली. एक वडीलधारे म्हणाले, “निराश होऊ नका, देवाची स्तुती करा.” आबा गप्प राहिले. सगळे गेल्यावर ओट्यावर बसून मला म्हणाले, “निराश म्हंजे आशा नही. माले आशा शे. पन मी खची गऊ.”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. खचलेल्या माणसासाठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, कोणता शब्द आहे? आणि तशा माणसाला ‘स्तुती कर’ म्हणतात तेव्हा नेमकं काय करायला सांगतात?

उत्तर, धुळ्याहून

तुमच्या आबांनी फरक बरोबर पकडला आहे. निराश म्हणजे निर् आणि आशा, आशा संपलेला. खचणं निराळं. काळ्या मातीतली न बांधलेली विहीर पावसाळ्यात खचते. पाणी असतं, झरे जिवंत असतात, फक्त काठ आत बसतो. माणसाचंही तसंच होतं. विश्वास आटलेला नसतो, आधाराची माती सरकलेली असते. म्हणून अशा माणसाला ‘निराश होऊ नका’ म्हटलं की त्याला वाटतं, याला माझं कळलंच नाही. लूक १८:१ मध्ये प्रभू येशूने दाखला सांगितला तोही याच माणसासाठी, की नेहमी प्रार्थना करावी, खचू नये.

आता खिन्न. स्तोत्र ४२:५ मध्ये मराठीत आहे, “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?” हाच सवाल ४२:११ आणि ४३:५ मध्ये पुन्हा येतो. एकदा विचारून भागलं नाही म्हणून गाणारा स्वतःच्याच जिवाला तीनदा विचारतो. खिन्न हा खिद् धातूपासून आलेला, खेदही त्यातलाच. शब्द देखणा आहे, पण पुस्तकी. आमच्या गल्लीत कुणी ‘मी खिन्न झालो’ म्हणत नाही. मूळ हिब्रूत तिथे ‘शाखाख’ हे क्रियापद आहे, म्हणजे वाकणे, खाली दबणे. घड पेलवेना की केळीचं झाड वाकतं तसं. मला विचाराल तर तो सवाल अहिराणीत असा निघतो, “मना जीव, तू काब्र वाकी गया?”

दुसरा शब्द यहोशवा १:९ मधला, “घाबरू नकोस, कचरू नकोस.” कचरणे म्हणजे पाऊल मागे घेणे, दबकणे. पण त्या जागी हिब्रूत ‘खातात’ आहे, आणि त्यात मोडून पडण्याचा, तुकडे होण्याचा अर्थ आहे. म्हणजे शास्त्राकडे वाकलेल्यासाठी एक शब्द आहे आणि मोडलेल्यासाठी दुसरा. दोघांशीही देव बोलतो, आणि यहोशवाला तर पुढे लगेच कारण देतो, की तू जाशील तिथे मी तुझ्याबरोबर असेन. बरोबर कुणीतरी आहे एवढाच तो आधार.

नवापूरहून

भयाबद्दल थोडं. आमच्याकडे नेहमी विचारतात की एकीकडे ‘भिऊ नका’ आणि दुसरीकडे ‘परमेश्वराचे भय धरा’, हे कसं? निर्गम २०:२० उघडून बघा. सीनाय डोंगराजवळ गडगडाटाने थरथरणाऱ्या लोकांना मोशे एकाच वाक्यात दोन्ही सांगतो, आणि हिब्रूत धातूही एकच आहे. मराठीने ते छान वेगळं केलं आहे. भय ‘धरतात’, भीती ‘वाटते’. धरलेलं आपल्या हातात असतं. वाटणारी अंगावर येते.

जळगावहून

मला ‘स्तुती’ शब्दच अडतो, ताई. मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्येच वाढले, तरी अडतो. बोलीत स्तुती म्हटलं की तोंडपुजेपणा आठवतो, स्तुतिपाठक तर शिवीच झाली. पीक गेलेल्या माणसाने देवाचं गोड बोलावं, असं ते ऐकू येतं.

पुन्हा धुळ्याहून

तुमची अडचण खरी आहे, आणि तिचं उत्तर त्याच ४२:५ मध्ये आहे. “मी त्याचे पुनरपि गुणगान गाईन” इथे हिब्रू क्रियापद ‘यादा’ आहे. त्याचे अर्थ तीन, स्तुती करणे, आभार मानणे आणि कबूल करणे. पापाची कबुलीही त्याच धातूतून येते. म्हणजे ही स्तुती म्हणजे देव जो आहे तो मोठ्याने कबूल करणं. केळी पडली हेही खरं आणि तू देव आहेस हेही खरं, दोन्ही एका तोंडाने म्हणायचं. त्यात पडलेलं बाग उभं असल्याचं सोंग कुठेच नाही.

प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला हे येशूचे प्रचारक फिलिप्पै गावच्या तुरुंगात आहेत, पाठीवर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात. मध्यरात्री ते प्रार्थना करतात, गातात, आणि बाकीचे बंदिवान ऐकत असतात. भूकंप त्यानंतर झाला. दारं उघडतील हे गाताना त्यांना ठाऊक नव्हतं, हे विसरून आपण तो उतारा फार घाईने वाचतो.

आणि ‘पुनरपि’ या शब्दापाशी थांबाच. हिब्रूत ‘ओद’ आहे, त्यात ‘पुन्हा’ही आहे आणि ‘अजून’ही. ‘पुनरपि’ने फक्त पहिला अर्थ उचलला. ‘मी अजून त्याचं गुणगान गाईन’ म्हटलं की वाकलेल्या माणसाला आत्ता गाणं जमत नसलं तरी चालतं, पुढच्या गाण्यावर त्याचा हक्क राहतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्यासुध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांची ती तळमळ मला अशा एकेका शब्दापाशी समजते.

पुन्हा चोपड्याहून

काल रात्री आबांना स्तोत्र वाचून दाखवलं. ‘पुनरपि’च्या जागी ‘अजून’ म्हटलं. त्यांनी तेवढी ओळ परत वाचायला लावली, मग आणखी एकदा. मग म्हणाले, “आज नही गावावनार. पन हाई वाच रोज.”

आज सकाळी ते मोडकी खोडं बांधावर ओढायला गेले आहेत. नवापूर, साक्री, भुसावळकडच्या कुणाच्या मंडळीत ही ओळ बोलीत म्हणतात का? म्हणत असतील तर ‘पुनरपि’च्या जागी कोणता शब्द घेतात, तेवढं कळवा. रविवारी मला तोच वाचायचा आहे.