मदत हवी आहे: नर्सिंगच्या पहिल्याच नोकरीत पार थकून गेलोय, सोडू का?

अर्धीझोप
नाईट करून आलोय, लिहिताना इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. पहिलीच नोकरी आहे. शिकत असताना वॉर्डात पोस्टिंग लागली की हुरूप यायचा. आता ड्युटीच्या आदल्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. घरी येऊन पडलो की झोप नाही, लागलीच तर मॉनिटरचा अलार्म वाजतोय असं वाटून दचकून उठतो. परवा एक आजोबा बेल दाबत होते आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर "आता काय हवंय यांना?" मी असा नव्हतो हो. सगळ्यांचंच असं होतं का? की हे काम माझं नव्हेच? कृपया "स्वतःसाठी वेळ काढा" नको. असता तर काढला असता. जरा लवकर सांगा, आज परत नाईट आहे.

जुनीजाणती
कुठला वॉर्ड? एका नाईटला किती पेशंट? सलग किती नाईट लावतात? नोकरीला किती महिने झाले? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग आम्ही सांगायचं कशावरून?

शांतचित्त
ताई, सगळं मनाचे खेळ आहेत. रोज पहाटे वीस मिनिटं ध्यान करा. माझी वहिनी बँकेत आहे, तिला महिन्याभरात फरक पडला.

पाल्हाळकर
ताई कुठून आल्या? "गेलोय", "आलोय" असं लिहिलंय की. आणि नाईटवाल्याला पहाटे ध्यान! तेव्हा तो सँपल काढत असतो.

अर्धीझोप
हो, ब्रदर आहे मी. @जुनीजाणती, वर्ष पूर्ण व्हायचंय. मेडिसिन वॉर्ड, कागदोपत्री.

कोडिंगवाला
मित्रा, बेडसाइड सोड. मीही नर्सच होतो, आता मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे पेशंटच्या नोंदींना ठरलेले कोड द्यायचं ऑफिसचं काम. नाईट नाही, नातेवाइकांच्या शिव्या नाहीत. कोर्सची माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

जुनीजाणती
@कोडिंगवाला, प्रत्येक धाग्यावर तेच! @अर्धीझोप, "कागदोपत्री" म्हणजे काय? तिथे काहीतरी अडकलंय.

टक्केवारी
हे नुसते मनाचे खेळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बर्नआउटची व्याख्या दिली आहे (२०१९): कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था. लक्षणं तीन. गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आजोबांची बेल ही त्यातली दुसरी, स्वभाव बिघडल्याची खूण नव्हे. शिवाय अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ सालचा अभ्यास आहे. त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्के जास्त आणि सर्जरीच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्के जास्त आढळली. ध्यानाने पेशंट कमी होतात का?

काटेकोर
ती "ऑड्स" आहे, म्हणजे घडण्याचं न घडण्याशी प्रमाण, सरळ शक्यता नव्हे. आणि तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही.

टक्केवारी
बरं, ऑड्स. वॉर्डात एकटा उभा राहून बघा, मग कारण सापडेल.

निवृत्तमेट्रन
आमच्या वेळी अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळला, कधी बर्नआउट ऐकलं नाही. हल्लीच्या मुलांना दम नाही.

जुनीजाणती
मॅडम, तुमच्याच वेळी किती जणींनी मध्येच सोडलं, आठवून बघा. त्याला नाव नव्हतं इतकंच.

अर्धीझोप
भांडू नका. "कागदोपत्री" म्हणजे नेमणूक मेडिसिनला, पण जिथे माणूस कमी तिथे मला पाठवतात. काल ऑर्थो, त्याआधी कॅज्युअल्टी. वजनदार पेशंट शिफ्ट करायचाय, ब्रदरला बोलवा. नातेवाईक अंगावर आले, ब्रदरला बोलवा. प्रत्येक वॉर्डात इमर्जन्सी ट्रॉलीचे कप्पे वेगळे लावलेले. परवा ॲड्रेनालिन मागितलं आणि मी तिन्ही ड्रॉवर उघडत बसलो. शेजारच्या सिस्टरने न बघता हात घालून काढून दिलं. हे सगळीकडे असंच असतं म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनीजाणती
आता कळलं. अरे, सगळीकडे असं नसतं, निदान पहिल्या वर्षी नसावं. तुला थकवतंय ते नुसतं काम नाही, कुठेच हात बसत नाही हे आहे. एका वॉर्डात राहिलं की कोणता पेशंट बिघडणार हे नुसतं बघून कळायला लागतं. तुला तेवढा वेळच मिळत नाही. सोडण्याआधी एवढं कर: इन्चार्जना तोंडी नको, लेखी दे. "खूप ताण आहे" असं लिहू नकोस, त्यावर फक्त सहानुभूती मिळते. "पुढचे काही महिने एकच वॉर्ड द्यावा, नाईट एकत्र लावून नंतर पुरेसा ऑफ द्यावा, दुसरीकडे पाठवायचंच असेल तर जाताच ट्रॉली आणि औषधांची जागा दाखवायला कुणी असावं" असं लिही. नाकारलं तर नोकरी बदल, पेशा नको. मुलाखतीत पहिला प्रश्न तूच विचार: नवीन माणसाला फिरवता का?

रात्रपाळीतज्ज्ञ
झोपेचं मी सांगतो. नाईटच्या उत्तरार्धात कॉफी बंद. कॅफीनचा निम्मा भाग रक्तातून जायला पाच-एक तास लागतात, मग सकाळी झोप कशी येणार? ब्रेकमध्ये वीस मिनिटांची डुलकी मिळाली तर घे. घरी खोली पूर्ण अंधारी, फोन दुसऱ्या खोलीत. आणि पेंगत गाडी चालवू नकोस.

अर्धीझोप
फोन लांब ठेवला तर वॉर्डातून विचारतात, "ती फाइल कुठे ठेवलीस?"

रात्रपाळीतज्ज्ञ
फाइलवाल्यांना सापडेल. आग लागली तर ते तुला नाही, अग्निशमन दलाला फोन करतील.

वाचक_डॉक्टर
एक विचारतो, टाळू नकोस. ऑफच्या दिवशी बरं वाटतं का? की मित्र, जेवण, आवडीच्या गोष्टी, कशातच रस उरलेला नाही? दुसरं असेल तर ते फक्त ड्युटीपुरतं नाही, नैराश्य असू शकतं, त्याला उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. तसं नसलं तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, थकव्याला ही कारणंही असतात.

अर्धीझोप
ऑफला बरं वाटतं, संध्याकाळ होईपर्यंत. तसले विचार नाहीत. तपासण्या करतो. अर्ज लिहायला घेतलाय. पण इन्चार्ज आणि मेट्रन दोघींना द्यायचा की फक्त इन्चार्जना?

शांतचित्त
अनुलोम-विलोमही चालेल.

जुनीजाणती
इन्चार्जना दे, मेट्रनना प्रत. आणि पोच घे.

कोडिंगवाला
व्यनि बघितलास का?