मदत हवी आहे: मत्तयाच्या वंशावळीत यखन्या कसा?

मत्तय पहिल्याच अध्यायात येशूला दावीदाच्या गादीचा वारस ठरवतो, पण त्या यादीत यहूदाचा राजा यखन्याही आहे. यिर्मया २२:३० तर म्हणतं, त्याच्या वंशातला कोणी त्या गादीवर बसणार नाही.

'लूकमधली वंशावळ मरीयेची, तिच्यात यखन्या नाही' या उत्तराने माझं समाधान होत नाही. तिथे नाव योसेफाचंच आहे आणि दावीदाचा मुलगा नाथान याच्याकडून आलेली ओळही शल्तीएल-जरुब्बाबेलपाशी मत्तयाच्या यादीला मिळते. हाग्गय २:२३ वाचलं. यिर्मयात यखन्या म्हणजे बोटातून उपटून फेकलेली मुद्रा (शिक्क्याची अंगठी); ती इथे त्याचा नातू जरुब्बाबेल याच्या रूपाने परत येते! हा धागा मला खरा वाटतो.

हिब्रू-ग्रीक येत नाही, हाताशी मराठी बायबलच आहे. यखन्यावरचा हा शाप उठल्याचं स्पष्ट सांगणारा जुना यहुदी उल्लेख कुठे सापडेल?